वरच्या खोलीची ऊब

१४ नोव्हेंबर १९७९

माझी बायको लिओना काय खाते, किती झोपते, कुठली गोळी कधी दिली, हे रोज लिहून ठेवा असं डॉक्टर हॅस्किननी सांगितलंय. म्हणून ही वही. मला लिहायची सवय नाही. उभा जन्म लाकूड कापायच्या गिरणीत गेला. तिथं माणूस ओरडतो, लिहीत नाही.

सकाळी अर्धी वाटी लापशी. दुपारी काही नाही. संध्याकाळी चहा आणि पावाचा एक तुकडा. गोळ्या वेळेवर.

ऑपरेशन होऊन महिना झाला तरी तिला तरतरी नाही. पोटातून जे काढलं त्याची तपासणी बाहेर पाठवलीय, निकाल यायचाय. पण डॉक्टरांचं आज सगळं बोलणं थंडीवरच होतं. आमची शेगडी खाली स्वयंपाकघरात, झोपायची खोली वर उत्तरेला. इतकी वर्षं आम्ही त्या खोलीत चार गोधड्या घेऊन मजेत झोपलो. थंडीबद्दल कधी कुरकुर केली नाही. आता डॉक्टर म्हणतात, "ही खोली अशीच गारठलेली राहिली तर मी हिला इस्पितळात हलवणार. छातीत सर्दी उतरली की मग माझ्या हातात काही नाही."

गोधडीच्या आतून आवाज आला म्हणे. गिरणीनं माझे कान नेले, समोर तोंड दिसलं किंवा कोणी ओरडलं तरच मला कळतं; डॉक्टरांनीच ओरडून सांगितलं. लिओनाबाई म्हणाल्या, "इथून मी हलले तर चौघांच्या खांद्यावरूनच."

झालं. म्हणजे आता खोली ऊबदार करणं माझ्यावर आलं.

१५ नोव्हेंबर

लापशी सगळी संपवली. दुपारी मटाराचं सूप, चार चमचे.

तिची बहीण ओपल आली होती. ती म्हणाली, "एवढा आटापिटा कशाला? पलंग खाली आण, शेगडीजवळ लाव."

मी तेच लिओनाला सांगितलं. ती उसळलीच. "थंडीत जन्मलेलं वासरू शेगडीमागं पोत्यावर ठेवतात, तशी पडू का मी? येणारा जाणारा स्वयंपाकघरातून येणार, टोपी काढणार आणि माझ्याकडं बघून च्‌च्‌ करणार. नको गं बाई."

"मग समोरच्या खोलीत?"

"तिथं तुझ्या आईची शवपेटी ठेवली होती, वडलांचीही ठेवली होती. मला एवढी घाई नाही."

हिच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण चिडली तेव्हा गालावर जरा रंग आला. बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर

पंखा लावून पाहिला. स्वयंपाकघराच्या दारात टेबलावर ठेवला, तोंड जिन्याकडं. शेगडी अशी पेटवली की मला सदरा काढावा लागला. दिवसभर पंखा गरम हवा ढकलतोय, ढकलतोय, आणि वर जाऊन बघतो तर खिडकीवर आतून बर्फ तसंच. सगळी ऊब जिन्याच्या छताशी जाऊन बसलेली. तिथं फक्त कोळी मजेत.

शेजारचा व्हर्लन अंडी द्यायला आला. पंखा बघून हसत सुटला. "अरे शहाण्या, गरम हवा कुणी ढकलून जात नाही. दारात अडलेली गाय मागून ढकलून आत जाते का?"

"मग काय तिला आमंत्रण देऊ?"

"पंखा वर ने. तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर जमिनीला ठेव आणि तोंड बाहेर कर. तिथली गार हवा जिन्यावरून खाली हाकल. गार हवा जड, ती मुकाट्यानं जाते. तिची जागा रिकामी झाली की गरम हवा आपल्या पायांनी येते."

मला पटलं नाही. थंड खोलीत पंखा लावायचा म्हणजे आजारी माणसाला मारायचंच की! पण केलं. दाराच्या वरच्या चौकटीला लोकरीचा धागा बांधला. थोड्या वेळानं धागा आतल्या बाजूला झुकला. ऊब आत येत होती! व्हर्लनला हे सांगायची गरज नाही. तो आधीच फार शहाणा आहे.

२७ नोव्हेंबर

पावसाचं बर्फ झालं, तारा तुटल्या, वीज गेली ती दोन दिवस. पंखा बंद. खोली पुन्हा गार. विटा शेगडीवर तापवायच्या, फ्लॅनेलमध्ये गुंडाळायच्या आणि तिच्या पायाशी ठेवायच्या, हेच करत होतो. जिना चढून माझ्या गुडघ्यांच्या नाकी नऊ आले.

दोन्ही दिवस ती खोकली. म्हणजे ओपल तसं म्हणाली. मला फक्त गोधडी हललेली दिसते. डॉक्टरांना खोकला कळला तर ते तिला नेतीलच, म्हणून इथं लिहीत नाही. म्हणजे लिहिलंच की. हे पान त्यांना दाखवायचं नाही.

विजेच्या भरवशावर राहणं काही खरं नाही. तिच्या खोलीच्या जमिनीला भोक पाडायचं ठरवलं, शेगडीची ऊब थेट वर जायला.

१ डिसेंबर

भोक पाडलं. स्वयंपाकघराचं छत जिथं तिच्या खोलीच्या कोपऱ्याखाली जातं, तिथं. खाली बरोबर सरपणाची पेटी आणि तिला लागून शेगडी. वरच्या जमिनीच्या फळ्या माझ्या आजोबांनी ठोकलेल्या, करवत चालवताना हात जरा थांबला. लिओना पलंगावरून हुकूम सोडत होती, "सरळ काप! गोधडीवर भुसा नको! बाई गं, नवऱ्यानं चांगल्या घराला भगदाड पाडलं."

व्हर्लननं पाडलेल्या एका जुन्या घरातली ओतीव लोखंडाची जाळी आणली होती, नक्षीची. अगदी मापात बसली. तो म्हणाला, "घे. आता खाली काय शिजतंय ते वर सगळं कळणार."

"कळू दे. बीन्सचा वास गेला तर तिला भूक तरी लागेल."

तो काहीतरी बोलणार होता, पण त्यानं जाळीचे खिळे मागितले.

आम्ही खाली आलो. जाळीतून तिचा चेहरा दिसत होता. तिनं काहीतरी म्हटलं आणि व्हर्लन पोट धरून हसला. "काय म्हणाली?" मी विचारलं. तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "वरून तुझं टक्कल फार छान दिसतं म्हणते!"

जिन्याचं दार बोटभर उघडं ठेवायचं, म्हणजे गार हवेला खाली यायला वाट राहते. संध्याकाळपर्यंत खिडकीवरचं बर्फ वितळून काच दिसायला लागली. खोकला नाही. मी आज खूष आहे.

५ डिसेंबर

डॉक्टर आले. वर जाऊन तिला तपासलं, खोली बघितली, म्हणाले, "उत्तम. आता हलवायची गरज नाही." माझी छाती फुगली.

मग खाली आले, शेगडीसमोर बसले आणि निकाल सांगितला. मला नीट कळलं नाही, म्हणून त्यांना पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. यकृतात पसरलंय. काढता येणार नाही. वसंत ऋतू ती बहुतेक बघणार नाही.

मी विचारलं, "म्हणजे किती?" मी ओरडलो असणार, कारण ते दचकले. ते म्हणाले, मार्च. मार्चपर्यंत टिकली तर खूप.

मी म्हटलं, हे तिला सांगायचं नाही. ती मोडून पडेल. तिनं आपल्या आईला असंच जाताना पाहिलंय, तेव्हापासून तिला त्या शब्दाची भीती आहे. डॉक्टर म्हणाले, तिला कळायचा हक्क आहे. मी टेबलावर मूठ आपटली, "माझ्या घरात तिला कोणी सांगायचं नाही!" ते म्हणाले, ठीक आहे.

ते गेले. मग तोंड धुऊन वर गेलो. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. वळली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, "हा शेगडीचा प्रताप. लाकडाच्या उष्णतेनं हवा फार कोरडी होते, डोळे चुरचुरतात."

ती म्हणाली, "हो, तेच असेल."

पाण्याची मोठी किटली शेगडीवर चढवली. वाफ जाळीतून वर जाईल आणि आराम पडेल.

काही खाल्लं नाही.

९ डिसेंबर

अर्धं अंडं. चहा.

पलंग खिडकीपासून हलवून जाळीशेजारी लावून दे म्हणाली. "तुझ्या भोकाजवळ फार छान वाटतं रे." मी आणि व्हर्लननं ओढला. आता तिची उशी जाळीला लागूनच आहे. खिडकीतून डोंगर दिसत नाही तिथून. मी म्हटलं, तुला तर डोंगर बघायला आवडतं. म्हणाली, "डोंगर काय, पाठ झालाय."

माझ्या हातचं एखादं काम तिला इतकं आवडल्याचं आठवत नाही.

१६ डिसेंबर

आज बाईंनी मला बीन्स शिकवले. निवडायचे बीन्स परातीत घालून वर आणायला लावले. निवडता निवडता सांगत होती. आदल्या दिवशी भिजत घालायचे. साल फुंकरीनं सुटेपर्यंत उकडायचे. खारवलेलं मांस तळाशी, कांदा आख्खा, मोहरीची पूड, काकवी. मग झाकण लावून दिवसभर शेगडीच्या मागच्या बाजूला.

"काकवी किती?"

"लग्नापासून तू मला जेवढं फसवलंस तेवढी."

"मी कधी फसवलं?"

"म्हणजे थोडीच," ती म्हणाली आणि हसली.

मी म्हटलं, मला कशाला शिकवतेस, बरी झालीस की तूच करशील. ती म्हणाली, "मला कंटाळा आलाय स्वयंपाकाचा. आता तू करायचं. लिहून ठेव." म्हणून लिहिलं.

बरी होणारी माणसं अशीच कामं वाटून देतात. डॉक्टरही कधीकधी चुकतात.

२३ डिसेंबर

ओपल राहायलाच आली. बरं झालं, तिला न्हाऊ घालणं मला जमत नव्हतं. ओपल जाळीखालच्या बाजूला बसून विणकाम करते. बोलते कमी, उसासे जास्त.

मला एक वाईट खोड लागलीय. लाकूड घालायला वाकलो की शेगडीशी बोलतो. गिरणीतल्या यंत्राशीही मी असाच बोलायचो. तिथं कोणाला ऐकू जायचं नाही, इथंही नाही. वर जे बोलता येत नाही ते सगळं तिथं बाहेर पडतं. आज म्हटलं, कसं करू गं, तुझ्याशिवाय मला मोजेसुद्धा सापडत नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं, धुराचं निमित्त होतंच.

मान वर केली तर ओपल उठून दुसऱ्या खोलीत निघाली होती. मी म्हटलं, बस की. ती म्हणाली, "नाही, तुमचं चालू द्या." माझं आणि शेगडीचं! हिची थट्टा मला कधी कळत नाही.

११ जानेवारी

पारा उणे तीसच्या खाली. यंदाचं सरपण संपत आलं. मी पुढच्या वर्षीचं काढायला सुरुवात केली.

व्हर्लन सरपणाच्या छपराखाली उभा राहून बघत होता. आमच्याकडं माणूस एक वर्ष पुढचं लाकूड तोडून वाळत ठेवतो. त्याला हात लावणं म्हणजे बियाण्याचं धान्य दळणं. तो म्हणाला, "एल्डन, पुढल्या हिवाळ्यात काय जाळशील?"

"पुढल्या हिवाळ्यात एक खोली तापवायला किती लागतंय," मी म्हटलं. त्यानं मेपलचे ओंडके माझ्याबरोबर आत वाहून आणले, आणि पेटी भरताना मी शेगडीला तेच पुन्हा सांगितलं.

दुपारी सूप घेऊन वर गेलो तर लिओना म्हणते, "व्हर्लनला सांग, बर्फावर घसरगाडी चालतेय तोवर जंगलातून पुढल्या वर्षीचं लाकूड ओढून आण म्हणावं. एक खोली असली तरी तापवायला लागतंच."

मी चाट पडलो. छप्पर घराच्या मागे आहे, तिथून काही दिसत नाही. ओपलनं चुगली केली असणार. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

सूप दोन चमचे. दुखण्याची गोळी आता दुप्पट.

२ फेब्रुवारी

काही खाल्लं नाही. बर्फाचा तुकडा चोखला. तिचा हात म्हणजे आता नुसती पानाची शीर.

बसलो होतो. तिनं माझं मनगट धरलं आणि जवळ ओढलं, माझा त्यातल्या त्यात बरा कान तिच्या तोंडाशी येईपर्यंत. म्हणाली, "एल्डन, तुला मला काही सांगायचंय का?"

 सांगावं, सगळं ओकून टाकावं, असं वाटलं. पण तिचे ते खोल गेलेले डोळे बघितले आणि म्हटलं, "काय सांगायचंय? तू लवकर बरी हो. बर्फ वितळलं की तुला अंगणात खुर्ची टाकून देतो."

तिनं मग माझ्या गालावरून हात फिरवला. "बरं," म्हणाली. "लाकूड घालून ये जा. विझत आली असेल."

खाली गेलो आणि शेगडीचं दार उघडून ढसाढसा रडलो. जे वर सांगायचं होतं ते सगळं तिथं सांगितलं. की मला माहीत आहे. की डिसेंबरपासून माहीत आहे. की तिच्यासारखी बाई माझ्यासारख्या टोणग्याला मिळाली आणि मी कधी एका शब्दानं म्हटलं नाही. लोखंडाला सांगितलं. भित्रा मेला!

कानात यंत्र घाल म्हणून ती दहा वर्षं मागं लागली होती. घातलं असतं तर निदान तिच्याशी कुजबुजत तरी बोलता आलं असतं. प्रेमाच्या गोष्टी कोणी ओरडून सांगतं का?

१९ फेब्रुवारी

झोपून असते. मधेच ओठ हलतात, जाळीकडं तोंड करून. प्रार्थना करत असेल. ती देवाधर्माची कधीच नव्हती, पण अशा वेळी माणूस बदलतो. मी विचारलं नाही.

खोली ऊबदार आहे. रात्रंदिवस ऊबदार आहे. एवढं एक मी करू शकलो.

३ मार्च

सकाळी लिओना गेली. ओपल आणि मी, दोघं जवळ होतो. शेवटपर्यंत तिचे पाय गरम होते.

८ मार्च

चर्चमध्ये गर्दी झाली. जमीन दगडासारखी गोठलीय, पुरणार मे महिन्यात. तोवर ती दफनभूमीतल्या दगडी कोठीत राहणार, बाकी हिवाळ्यात गेलेल्यांबरोबर. तिथं शेगडी नाही. हा विचार वेड्यासारखा आहे हे मला कळतं, पण दिवसभर तोच येतो. सगळा हिवाळा ज्या थंडीशी भांडलो तिच्याच हवाली तिला करून आलो.

व्हर्लन संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर बसला.

१५ मार्च

डॉक्टरांना ही वही आता नको. तरी लिहितो. मी, सकाळी: काही नाही. दुपारी: काही नाही.

२१ मार्च

ओपल उद्या तिच्या घरी जाणार. सकाळपासून आवराआवर चालली होती. दुपारी मी बीन्स केले, बाईंनी सांगितले होते तसे. ओपल ताटावर बसून छताकडं बघत म्हणाली, "जाळीवर एक फळी ठोकून टाक. वर आता कोण आहे? ऊब फुकट जाते."

मी म्हटलं, बघू.

ती डोळे पुसत म्हणाली, "घर किती गप्प झालंय. सगळा हिवाळा तुमचं दोघांचं बोलणं चालायचं."

"कुठलं बोलणं? ती वर, मी खाली."

"तेच. तू लाकूड घालताना बोलायचास, ती वरून उत्तर द्यायची."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा, मोठ्यानं. ती घाबरली. म्हणाली, "तू बोलायचास, लाकडं रचायला थांबायचास, तेवढ्यात ती बोलायची. मग परत तू. रोजच. मला काय माहीत तुला ऐकू येत नाही? परक्याचं येत नसेल, पण बायकोचा आवाज नवऱ्याला येत असेल असं वाटलं मला. इतक्या वर्षांची सवय."

 डॉक्टर बोलले ते याच शेगडीसमोर, मला ऐकू यावं म्हणून दोनदा. मी मूठ आपटली ती या टेबलावर. लाल डोळे. खिडकी सोडून जाळीशी ओढलेला पलंग. ती मला विचारत होती, काही सांगायचंय का, आणि मी खुर्ची अंगणात टाकतो म्हणालो. तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तिला कळू नये अशी माझी इच्छा आहे हेही माहीत होतं, म्हणून बिचारीनं शेवटपर्यंत मला कळू दिलं नाही.

"काय म्हणायची?" मी ओपलचे खांदे धरले. "ओपल, ती काय म्हणायची?"

"पहिल्या दिवसाचं आठवतं. मी नुकतीच आले होते. तू रडत होतास, म्हणालास, हिला कळलं तर ही मोडून पडेल. तर ती वरून म्हणाली, 'नाही रे मोडत मी. तू आधी जेवून घे.'"

"आणि पुढं? त्या दिवशी, मी दार उघडून सगळं बोललो त्या दिवशी? तेव्हा काय म्हणाली?"

ओपल रडायला लागली. "मला नाही माहीत, एल्डन. नवरा-बायकोचं शेवटचं बोलणं, ते तिऱ्हाइतानं का ऐकायचं? तुम्ही सुरू झालात की मी उठून पलीकडं जायची आणि रेडिओ मोठा लावायची."

मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती नुसती मान खाली घालून बसली, तिचे बीन्स गार होत होते. मग माझाच आवाज बसला. मी तिचं ताट उचललं, शेगडीवर गरम केलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिचा काय दोष? आम्हाला एकांत मिळावा म्हणून तिनं केलं ते सगळं.